जुन्या गेम कन्सोलसाठी सुसंगत वीज-अडॅप्टरची निवड : एक विवेचन

सारांश

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जपान व अमेरिकेच्या बाजारपेठांसाठी तयार झालेल्या गेम कन्सोलचे मूळ अडॅप्टर आज बहुधा हरवलेले, बिघडलेले किंवा भारतीय वीजपुरवठ्यावर न चालणारे असतात. त्यांच्या जागी दुसरा अडॅप्टर योजताना 'प्लग बसला म्हणजे अडॅप्टर चालेल' या समजुतीमुळे यंत्राची कायमची हानी होऊ शकते. प्रस्तुत लेखात निन्टेन्डो व सेगा या कंपन्यांच्या कन्सोलची उदाहरणे घेऊन सुसंगततेचे निकष, त्यामागील भौतिकशास्त्रीय कारणे आणि पडताळणीची पद्धत यांचा ऊहापोह केला आहे.

बीजशब्द : गेम कन्सोल, अडॅप्टर, विद्युतदाब, ध्रुवता, प्रत्यावर्ती धारा, दिष्ट धारा, जतन.

१. प्रास्ताविक

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाची यंत्रे आज केवळ करमणुकीची साधने राहिलेली नाहीत. न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयाने २०१२ साली चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात समाविष्ट केले. संगणकाचा इतिहास, दृश्यकला, बालमानसशास्त्र आणि लोकप्रिय संस्कृती या सर्व अभ्यासशाखांना ही यंत्रे मूळ स्वरूपात चालू स्थितीत असणे महत्त्वाचे वाटते. छापील पुस्तक कपाटात शंभर वर्षे राहिले तरी वाचता येते. कन्सोलचे तसे नाही. त्याला योग्य वीज मिळाली नाही तर ते केवळ प्लास्टिकचे खोके ठरते आणि चुकीची वीज मिळाली तर ते कायमचे निकामी होते.

हानी भरून काढणेही सोपे नसते. जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या निन्टेन्डोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर' या कन्सोलचे, म्हणजेच 'फॅमिकॉम'चे, उत्पादन २००३ साली थांबले व कंपनीने दुरुस्तीची सेवाही २००७ साली बंद केली. त्यातील मुख्य प्रक्रियक रिको कंपनीने ६५०२ या प्रक्रियकाच्या धर्तीवर खास या यंत्रासाठी बनविला होता. असे भाग बाजारात नवीन मिळत नाहीत. एका चुकीच्या अडॅप्टरची किंमत म्हणजे दुसरे एखादे कन्सोल सुटे भाग काढण्यासाठी मोडणे, ही वस्तुस्थिती आहे.

शिक्षण वा नोकरीनिमित्त जपान, अमेरिका येथे राहून आलेल्या मराठी कुटुंबांत अशी यंत्रे आढळतात. याखेरीज १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील घराघरांत 'टीव्ही गेम' या नावाने पोहोचलेली व 'कॅसेट' घालून खेळावयाची बहुसंख्य यंत्रे ही फॅमिकॉमच्याच रचनेच्या प्रतिकृती होत्या. माळ्यावरील खोक्यातून असे यंत्र बाहेर निघते, त्याचा अडॅप्टर सापडत नाही आणि घरातील कोणत्या तरी जुन्या उपकरणाचा 'एलिमिनेटर' त्याला लावून पाहिला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच क्षण आहे.

२. वीजपुरवठ्यातील चार पायऱ्या

भिंतीवरील सॉकेटमध्ये मिळणारी वीज कन्सोलमधील चिपपर्यंत पोहोचण्यापूर्वी तिच्यावर चार संस्कार होतात.

पहिली पायरी : रोहित्राच्या साहाय्याने विद्युतदाब कमी करणे.
दुसरी पायरी : डायोडच्या साहाय्याने प्रत्यावर्ती धारेचे, म्हणजेच एसीचे, दिष्ट धारेत, म्हणजेच डीसीमध्ये, रूपांतर करणे. या भागास एकदिशकारक म्हणतात.
तिसरी पायरी : धारित्राच्या साहाय्याने त्या धारेतील चढउतार सपाट करणे.
चौथी पायरी : नियामकाच्या साहाय्याने चिपला लागणारा अचूक दाब पुरविणे. त्या काळातील अनेक कन्सोलमध्ये या कामी ७८०५ या क्रमांकाचा नियामक वापरलेला असून तो ५ व्होल्ट इतका स्थिर दाब देतो.

या चारही पायऱ्या प्रत्येक यंत्रात असतात. फरक एवढाच, की त्यांपैकी किती अडॅप्टरमध्ये व किती कन्सोलमध्ये पार पडतात याची वाटणी प्रत्येक उत्पादकाने आपापल्या सोयीने केली. १९९४ साली आलेल्या सोनी प्लेस्टेशनच्या पहिल्या आवृत्तीत या सर्व पायऱ्या यंत्राच्या आतच पार पडतात. त्यामुळे तेथे बाहेरचा अडॅप्टरच नसतो. सुसंगततेचा प्रश्न, थोडक्यात सांगावयाचे तर, अडॅप्टरने काम कोणत्या पायरीवर सोडले आणि कन्सोल ते कोणत्या पायरीपासून हाती घेते, हा आहे. बाजारात अडॅप्टर निवडताना मात्र या प्रश्नाकडे दुर्लक्ष होऊन केवळ प्लगच्या आकाराकडे पाहिले जाते.

३. एकच प्लग, तीन स्वभाव

हा मुद्दा तीन कन्सोलच्या तुलनेतून स्पष्ट होतो.

(अ) फॅमिकॉम : याचा मूळ अडॅप्टर एचव्हीसी-००२ हा होय. तो जपानमधील १०० व्होल्ट पुरवठ्यावर चालतो आणि १० व्होल्ट दिष्ट धारा, कमाल ८५० मिलिअँपिअरपर्यंत देतो. त्याच्या प्लगचा मध्यभाग ऋण असतो. येथे एकदिशकरणाचे काम अडॅप्टरमध्येच होते. कन्सोलमध्ये त्यासाठी वेगळी व्यवस्था नाही.

(आ) निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम, अर्थात एनईएस : फॅमिकॉमचीच ही अमेरिकी आवृत्ती १९८५ साली विक्रीस आली. तिचा अडॅप्टर एनईएस-००२ हा केवळ एक रोहित्र आहे. तो १२० व्होल्टवर चालून ९ व्होल्ट प्रत्यावर्ती धारा, कमाल १.३ अँपिअरपर्यंत देतो. एकदिशकरण कन्सोलच्या आत चार डायोडच्या पुलाने होते.

(इ) सेगा मेगा ड्राइव्हची पहिली आवृत्ती : १९८८ साली जपानमध्ये व १९८९ साली अमेरिकेत 'जेनेसिस' या नावाने आलेल्या या कन्सोलच्या अमेरिकी अडॅप्टरवर ९ व्होल्ट दिष्ट धारा, १.२ अँपिअर अशी नोंद असते. प्लगचा मध्यभाग ऋण असतो.

या तिन्ही अडॅप्टरचा नळीसारखा प्लग एकाच मापाचा, म्हणजे बाहेरून ५.५ मिलिमीटर व आतून २.१ मिलिमीटर व्यासाचा आहे. कोणताही प्लग कोणत्याही कन्सोलमध्ये सहज बसतो. परिणाम मात्र अगदी भिन्न होतात.

जेनेसिसचा अडॅप्टर एनईएसला लावल्यास एनईएस व्यवस्थित चालते. तिच्यातील डायोडचा पूल येणारी धारा कोणत्याही दिशेची असली तरी ती योग्य दिशेस वळवितो. म्हणूनच एनईएसच्या बाबतीत प्लगच्या ध्रुवतेसही महत्त्व उरत नाही. याउलट एनईएसचा अडॅप्टर फॅमिकॉमला लावल्यास प्रत्येक सेकंदास पन्नास किंवा साठ वेळा उलट दिशेचा दाब थेट धारित्रावर व नियामकावर पडतो. इलेक्ट्रोलायटिक धारित्र उलट दाब सहन करू शकत नाही. ते तापते, फुगते व प्रसंगी फुटते. नियामक जळतो आणि त्याने आपले काम सोडल्यास पुढील चिपही धोक्यात येतात.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सुसंगतता ही दोन्ही बाजूंनी सारखी नसते. ज्या यंत्रात एखादी पायरी आधीच अंतर्भूत आहे त्याला ती पायरी ओलांडून आलेली वीज चालते. ज्या यंत्रात ती पायरी नाही त्याला तिच्या अलीकडची वीज मारक ठरते. 'माझा अडॅप्टर तुझ्या यंत्राला चालला, म्हणून तुझा माझ्या यंत्राला चालेल' हा तर्क येथे लागू पडत नाही.

एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या यंत्रांतही सातत्य गृहीत धरता येत नाही. मेगा ड्राइव्हच्या दुसऱ्या आवृत्तीच्या अडॅप्टरवर १० व्होल्ट, ०.८५ अँपिअर अशी नोंद असून त्याचा प्लग निराळ्या, लहान मापाचा आहे आणि त्याचा मध्यभाग धन आहे. म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या नेमका उलट. येथे मापातील फरक वापरणाऱ्याचे रक्षण करतो. मात्र प्लग बदलून देणारा जोड वापरला की ते रक्षणही संपते.

४. पडताळणीच्या पाच बाबी

कन्सोल व अडॅप्टर यांची जोडी जुळविताना पुढील पाच बाबी क्रमाने तपासाव्यात.

(१) धारेचा प्रकार : कन्सोलला प्रत्यावर्ती धारा हवी की दिष्ट, हे सर्वप्रथम निश्चित करावे. अडॅप्टरच्या पट्टीवर प्रत्यावर्ती धारा नागमोडी रेषेने आणि दिष्ट धारा एका सलग रेषेखाली तुटक रेषा देऊन दर्शविलेली असते. लेबल जपानी लिपीत असले तरी अंक, एककांची चिन्हे व या खुणा सर्वत्र सारख्याच असतात. आत येणारा दाब व बाहेर जाणारा दाब अशा दोन ओळी असतात. त्यांपैकी दुसरी ओळ येथे अभिप्रेत आहे.

(२) ध्रुवता : दिष्ट धारेच्या अडॅप्टरवर एक बिंदू व त्याभोवती अर्धवर्तुळ अशी आकृती असते. बिंदूकडे जाणारी रेषा ज्या चिन्हास जोडलेली असते ती प्लगच्या मध्यभागाची ध्रुवता होय. मध्य धन हा प्रकार आज सर्वसाधारण झाला असला तरी वर उल्लेखिलेल्या जपानी यंत्रांत मध्य ऋण हा प्रकार आढळतो. घरातील राउटरचा अडॅप्टर फॅमिकॉमला न लावण्याचे हेच मुख्य कारण आहे.

(३) विद्युतदाब : येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. ७८०५ नियामकास ५ व्होल्ट देण्यासाठी आत किमान ७ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. त्याहून अधिकचा दाब तो उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. समजा, कन्सोल ०.५ अँपिअर धारा घेते. आत ९ व्होल्ट दाब असल्यास नियामकात (९ − ५) × ०.५ म्हणजे २ वॅट उष्णता निर्माण होते. १२ व्होल्ट दाब असल्यास हीच उष्णता ३.५ वॅट होते. यंत्र दोन्ही वेळी सारखेच चालते, पडद्यावर काहीही फरक दिसत नाही, परंतु दुसऱ्या स्थितीत आतील भाग अधिक तापून त्यांचे आयुष्य घटते. 'चालते आहे' हा सुसंगततेचा पुरावा नव्हे, हे येथे लक्षात येते.

(४) विद्युतधारा : या बाबीविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतो. अडॅप्टरवर लिहिलेली धारा ही तो बळेने पाठवीत नाही. ती त्याची कमाल क्षमता असते. दाब अडॅप्टर ठरवितो व धारा यंत्र मागून घेते. म्हणून मूळ अडॅप्टर ०.८५ अँपिअरचा असताना २ अँपिअरचा अडॅप्टर वापरण्यात गैर काहीच नाही. मात्र ०.३ अँपिअरचा वापरल्यास दाब कोसळतो, खेळ मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि अडॅप्टर तापतो. पाच बाबींपैकी 'मूळच्या इतकी किंवा अधिक' असा नियम लागू पडणारी ही एकमेव बाब होय.

(५) प्लगचे माप : ही बाब जाणीवपूर्वक शेवटी ठेवली आहे. पहिल्या चार बाबी जुळल्यानंतरच तिचा विचार करावा. १९७७ सालच्या अटारी २६०० या कन्सोलचा प्लग तर ३.५ मिलिमीटरच्या इअरफोनच्या प्लगसारखा असून त्याचे टोक धन असते. असा प्लग आत सरकविताना क्षणिक शॉर्ट सर्किट संभवते. म्हणून तो आधी यंत्रात बसवून मगच अडॅप्टरला वीज द्यावी.

५. भारतीय वीजपुरवठ्याचा प्रश्न

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ वारंवारतेचा आहे. जपानमध्ये तो १०० व्होल्ट असून पूर्व भागात ५० व पश्चिम भागात ६० हर्ट्झ वारंवारता आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ असा पुरवठा आहे. जपानी अडॅप्टर भारतीय सॉकेटमध्ये लावल्यास त्याच्या रोहित्रावर २.३ पट दाब पडतो. त्याचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो, प्राथमिक वेटोळ्यातून अतोनात धारा वाहते व काही वेळातच रोहित्र जळते. अमेरिकी अडॅप्टरवर हा दाब सुमारे १.९ पट असतो. परिणाम तोच. पिन बदलून देणारा साधा प्रवासी जोड दाब बदलत नाही, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

यावर दोन उपाय संभवतात. पहिला, २३० व्होल्टचे ११० व्होल्ट करणारे रोहित्र वापरून मूळ अडॅप्टर चालविणे. हा उपाय खर्चीक व अवजड आहे. शिवाय जपानी अडॅप्टरला १०० ऐवजी ११० व्होल्ट मिळतात. त्यातही तीस-चाळीस वर्षे जुन्या अडॅप्टरमधील धारित्र सुकलेले व वायरचे आवरण तडकलेले असण्याची शक्यता असते. चित्रात सरकणारे आडवे पट्टे व आवाजात गुणगुण ही सुकलेल्या धारित्राची परिचित लक्षणे आहेत. दुसरा उपाय म्हणजे भारतीय पुरवठ्यावर चालणारा व वरील पाच निकष पूर्ण करणारा नवा अडॅप्टर घेणे. बहुतेक वेळा हा दुसरा उपायच अधिक सुरक्षित ठरतो. प्लेस्टेशनसारख्या अंतर्गत पुरवठ्याच्या परदेशी यंत्रास मात्र पहिल्याच उपायाचा आश्रय घ्यावा लागतो.

६. उपलब्ध पर्यायांची तुलना

बाजारातील अडॅप्टरचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

रोहित्राधारित अनियंत्रित अडॅप्टर : जुने एलिमिनेटर या प्रकारात मोडतात. त्यांच्यावर ९ व्होल्ट लिहिलेले असले तरी भार नसताना ते १२ ते १४ व्होल्टपर्यंत दाब दाखवू शकतात. एनईएसच्या ९ व्होल्ट प्रत्यावर्ती धारेचे उदाहरण घेतल्यास तिचे शिखरमूल्य ९ × १.४१४ म्हणजे सुमारे १२.७ व्होल्ट होते. दोन डायोडमध्ये सुमारे १.४ व्होल्ट खर्ची पडून धारित्रावर साधारण ११.३ व्होल्ट जमा होतात. त्या काळातील कन्सोल अशा चढउतारांचा विचार करूनच बनविलेली होती.

बहुव्होल्ट एलिमिनेटर : ३ पासून १२ व्होल्टपर्यंत दाब निवडण्याची सरकपट्टी व उलटसुलट लावता येणारे प्लग यात असतात. सोयीच्या या दोन्ही बाबी धोक्याच्याही आहेत, कारण पट्टी नकळत सरकू शकते व प्लग उलटा लागू शकतो. मौल्यवान यंत्रासाठी हा पर्याय टाळावा. तो वापरणे अपरिहार्य असल्यास पट्टी व प्लग चिकटपट्टीने पक्के करावेत.

नियंत्रित स्विच-मोड अडॅप्टर : हे १०० ते २४० व्होल्टच्या कोणत्याही पुरवठ्यावर चालतात व भार असो वा नसो, लिहिलेला दाब स्थिर ठेवतात. फॅमिकॉमसाठी ९ व्होल्ट दिष्ट धारा, १ अँपिअर वा अधिक, मध्य ऋण व ५.५ × २.१ मिलिमीटर प्लग असलेला असा अडॅप्टर योग्य ठरतो. स्थिर ९ व्होल्ट हे नियामकाच्या किमान गरजेपेक्षा पुरेसे अधिक असल्यामुळे मूळ १० व्होल्टचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही. गिटारच्या इफेक्ट पेडलसाठी वाद्यांच्या दुकानांत मिळणारे अडॅप्टर बहुधा ९ व्होल्ट व मध्य ऋण याच प्रकारचे असतात. त्यांपैकी अनेकांची धारा-क्षमता कमी असल्याने ती मात्र वाचून घ्यावी.

अडॅप्टर हे भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत समाविष्ट आहेत. मानकचिन्ह व 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच खरेदी करावी.

७. मापनाची पद्धत

लेबल पुसले गेले असल्यास किंवा अडॅप्टर वापरलेला असल्यास मल्टिमीटरने खात्री करून घेणे आवश्यक ठरते. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत ही कृती पाच मिनिटांत होऊ शकते.

प्रथम मल्टिमीटर दिष्ट दाबाच्या २० व्होल्ट कक्षेवर ठेवावा. अडॅप्टर कन्सोलला न जोडता केवळ सॉकेटमध्ये लावावा. तांबडी टोचणी प्लगच्या छिद्रात व काळी टोचणी बाहेरील धातूस टेकवावी. दोन्ही टोचण्या एकमेकींस लागू देऊ नयेत. आकडा धन आल्यास मध्य धन, उणे चिन्हासह आल्यास मध्य ऋण समजावे. आकडा शून्याच्या जवळपास राहिल्यास मीटर प्रत्यावर्ती दाबाच्या कक्षेवर नेऊन पुन्हा मोजावे. तेथे दाब दिसल्यास तो अडॅप्टर प्रत्यावर्ती धारेचा आहे. हा क्रम उलटा करू नये. काही स्वस्त मीटर प्रत्यावर्ती कक्षेवर दिष्ट दाबालाही आकडा दाखवितात व त्यामुळे चुकीचा निष्कर्ष निघतो.

कन्सोलच्या बाजूची माहिती त्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर किंवा प्लगच्या खोबणीजवळ कोरलेली असते. १९९० च्या दशकात येथे विकल्या गेलेल्या प्रतिकृतींची रचना एकसारखी नसल्याने 'फॅमिकॉमसारखे आहे' एवढ्यावरून निर्णय घेऊ नये. खूण न सापडल्यास यंत्र उघडून नियामकाच्या मधल्या पायाशी, म्हणजे ऋण बाजूशी, खोबणीचा कोणता भाग जोडलेला आहे हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

८. निष्कर्ष

१) प्लग बसणे हा सुसंगततेचा निकष नाही. एकाच मापाच्या प्लगमधून प्रत्यावर्ती वा दिष्ट, मध्य ऋण वा मध्य धन अशी कोणतीही वीज येऊ शकते.
२) धारेचा प्रकार व ध्रुवता तंतोतंत जुळली पाहिजेत, दाब यंत्राच्या मर्यादेत असला पाहिजे आणि धारा-क्षमता मूळच्या इतकी किंवा अधिक असली पाहिजे. एनईएससारख्या अंतर्गत पूल असलेल्या यंत्रांचा अपवाद हा रचना ठाऊक असतानाच घ्यावयाचा आहे.
३) सुसंगतता परस्पर नसते. ती दोन्ही दिशांनी स्वतंत्रपणे तपासावी लागते.
४) परदेशी मूळ अडॅप्टर जतन करावा, परंतु भारतात यंत्र चालविण्यासाठी मोजून घेतलेला नियंत्रित अडॅप्टर वापरावा.
५) खात्री झालेल्या अडॅप्टरवर व कन्सोलवर एकच खूण किंवा चिठ्ठी लावावी. पुढील व्यक्तीस ही पडताळणी पुन्हा करावी लागणार नाही.

९. समारोप

दिष्ट व प्रत्यावर्ती धारा, रोहित्र, एकदिशकारक, धारित्र हे घटक पदवीपूर्व अभ्यासक्रमात शिकविले जातात, परंतु विद्यार्थी त्यांना परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरते ओळखतो. एक जुने कन्सोल व तीन अनोळखी अडॅप्टर टेबलावर ठेवून 'यांपैकी कोणता लावावा व का' असे विचारल्यास हाच अभ्यासक्रम निर्णयाचे साधन बनतो. हा प्रश्न गेम कन्सोलपुरता मर्यादितही नाही. प्रयोगशाळेतील जुनी मापनयंत्रे, ध्वनिमुद्रण यंत्रे व ग्रंथालयातील फीतवाचक यांनाही तो तसाच लागू पडतो. त्यांच्या खोक्यांतून अडॅप्टर कधीच वेगळे झालेले असतात. आपल्या विभागातील अशा प्रत्येक उपकरणावर त्याला लागणाऱ्या विजेची चिठ्ठी आजच लावून ठेवणे, हे जतनाच्या कामातील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयुक्त पाऊल ठरेल.